फोटोची दाराकडची बाजू

अकोला,
एप्रिलचा पहिला शनिवार, भर दुपार
(पंखा चालू आहे, उपयोग नाही)

परमस्नेही गफ्फारभाई यांस,

गोवर्धन गावंडे याचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही पोचावेत. आम्ही इकडे ठीक आहोत. माझा गुडघा, माणिकबाईचं बीपी आणि नळाचं पाणी या तिन्ही गोष्टी आपापल्या मर्जीने चालतात, मी आता त्यांच्यात पडत नाही. तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? आयशाबी भाभींना माझा सलाम सांगा आणि त्यांनी मागच्या ईदला पाठवलेल्या शेवयांचा डबा अजून आमच्याकडेच आहे, हेही सांगा. शाकीबला आणि नगमाला आशीर्वाद. (नगमाची दहावी यंदा आहे की मागच्या वर्षीच झाली? मी दोन्ही वर्षी शुभेच्छा दिल्या आहेत, त्यातल्या ज्या लागू असतील त्या घ्या.) अमरावतीत आमच्यापेक्षा ऊन एक डिग्री कमी असतं असं पेपरात येतं. त्या एका डिग्रीचा तुम्ही लाभ घेत असाल अशी आशा आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. फोन दोनदा केला होता. पण तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून शाकीब फोन स्पीकरवर टाकतो, मग तुमचं सगळं घर ऐकतं आणि खालचा टायरवालाही ऐकतो. मला जे विचारायचं होतं ते टायरवाल्यासमोर विचारण्यासारखं नव्हतं. म्हणून मागच्या खेपेला मी तुमच्याशी दहा मिनिटं शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या बहाराबद्दल बोललो. माझं संत्र्याचं एकही झाड नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल, पण तुम्ही सभ्य माणूस, काही बोलला नाहीत.

तर सांगायचं ते असं, की मी हल्ली डार्करूममध्ये काम करतो आहे. तुम्ही चष्मा पुसून हे वाक्य पुन्हा वाचाल. वाचा, तेच लिहिलं आहे.

झालं असं, की फेब्रुवारीत दुकानात एक बाई आली. दुकान म्हणजे आपलाच स्टुडिओ, पण आता तिथे आमचा किशोर मोबाइलची कव्हरं विकतो आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. वरची ‘गोवर्धन फोटो स्टुडिओ’ ही पाटी मात्र मी त्याला काढू दिली नाही, आणि आतल्या भिंतीवरचे आपले जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटोही नाही. बाईचं नाव प्रणाली. तुमच्या अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवते. तिने तिथल्या मुलामुलींना जमवून जुन्या पद्धतीने फोटो धुण्याचं मंडळ काढलं आहे. (खिशात मोबाइल असताना हे कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, याला वेळ लागतो म्हणून. आपल्या काळात वेळ लागतो म्हणून लोक आपल्याला शिव्या द्यायचे.) ती त्या फोटोंसमोर दहा मिनिटं उभी राहिली. काळा रंग किती खोल आहे, पांढऱ्या धोतराची एकेक घडी कशी दिसते, असं काहीबाही स्वतःशीच बोलत होती. मग वळून तिने विचारलं, काका, ही प्रिंटं तुम्ही स्वतः काढायचात? आणि मी हो म्हणालो.

गफ्फारभाई, तो ‘हो’ कसा होता ते समजून घ्या. जेवण झालं का, असं कोणी विचारलं की आपण हो म्हणतो, झालेलं असो वा नसो. त्यातला तो होता. पण प्रणालीने तो खरा धरला, त्याला चहा पाजला, त्याचा फोन नंबर घेतला आणि पंधरा दिवसांनी तो छापील कार्ड होऊन माझ्या घरी परत आला. ‘ज्येष्ठ छायाचित्रकार श्री. गोवर्धन गावंडे यांचे डार्करूममधील प्रात्यक्षिक व सत्कार.’ एप्रिलचा तिसरा रविवार, सकाळी दहा वाजता. किशोरने कार्डाचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आता पार धारणीपासून लोक अभिनंदन करून राहिले आहेत आणि मला रात्री झोप नाही.

बावीस वर्षांत मी डार्करूममध्ये काय केलं, हे जगात तुम्हाला आणि मला, दोघांनाच माहीत आहे. मी बाहेरचा माणूस. लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, मेळघाटात जीपच्या टपावर बसून काढलेले पुलाच्या उद्घाटनाचे फोटो, स्टुडिओत गिऱ्हाइकाची हनुवटी वर करणं, हे माझं. रोल तुमच्या हातात दिला की माझं काम संपलं. तुम्ही आत जायचात आणि संध्याकाळी फोटो बाहेर यायचे. मध्ये काय होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. भाकरी खाताना आपण चुलीची चौकशी करत नाही, तसं. दारात उभं राहून “आत जाऊ नका, काम चालू आहे” असं लोकांना सांगणं, एवढंच माझं डार्करूममधलं काम होतं, आणि तेही मला धड जमलं नाही. दोनदा मीच दार उघडलं. एकदा चहा आला म्हणून आणि एकदा तुम्हाला क्रिकेटचा स्कोअर सांगायला. दोन्ही वेळा आतून तुमचा थकलेला आवाज आला होता, “गोवर्धनभाऊ, कागद खुला है.” दुसऱ्या वेळी हिवरखेडच्या एका लग्नाच्या कागदांचं अख्खं पाकीट काळं झालं आणि तुम्ही ते सगळं काम पुन्हा पहिल्यापासून केलंत. मला एक शब्द बोलला नाहीत. स्कोअर मात्र विचारला होतात.

मी ठरवलं की रविवारपर्यंत शिकून घ्यायचं. माळ्यावरून आपला निगेटिव्ह मोठी करायचा एन्लार्जर काढला. (त्यातून पालींचं एक जुनं घराणं बाहेर पडलं.) धान्याच्या कोठीची खोली निवडली, तिला खिडकी नाही. गव्हाचे ड्रम भिंतीला सरकवले, दाराला आतून गोधडी टांगली, माणिकबाईच्या तीन पराती मागून घेतल्या, एक डेव्हलपरला, एक हायपोला आणि एक पाण्याला. चिमटा पापडाचा घेतला. सरावासाठी कागद आणि औषधाच्या पुड्या प्रणालीने ऑनलाइन मागवून थेट आमच्या पत्त्यावर धाडल्या. आता सरावाला निगेटिव्ह हवी, म्हणून मी सगळ्यात सोपी वाटली ती घेतली, आपल्या स्टुडिओच्या उद्घाटनाची. एक्क्याऐंशी सालचा दसरा. टायमर लावून मी पळत जाऊन पाटीखाली उभा राहिलो होतो, तीच. तो फोटो बावीस वर्षं गल्ल्यामागे टांगलेला होता. त्यात मी एकटाच आहे, हाताची घडी, छाती पुढे, केस भरपूर. म्हटलं, निदान आपला चेहरा कसा यायला हवा ते तरी माहीत आहे.

पहिला कागद डेव्हलपरमध्ये टाकला आणि पाच मोजेपर्यंत तो काळा झाला. राखाडी नाही, सावळा नाही, तव्याच्या बुडासारखा काळा. मला वाटलं, एन्लार्जरचा उजेड जास्त झाला. निम्मा केला. काळा. पाव केला. काळा. दुसऱ्या दिवशी डेव्हलपर नवा केला. काळा. तिसऱ्या दिवशी एन्लार्जर लावलाच नाही, कागद पाकिटातून काढून सरळ परातीत सोडला, तरी काळा. म्हणजे माझ्या मदतीशिवायही तो काळा होत होता. त्या दिवशी जेवताना मी हे बोललो, तेव्हा आमची सून रागिणी म्हणाली की मला तर पहिल्याच दिवशी शंका आली होती. मागच्या महिन्यात तिने साडी मागवली होती आणि खोक्यातून पंचा निघाला होता. तेव्हापासून आमच्या घरी आलेलं प्रत्येक पार्सल अंगणात, भर उन्हात, व्हिडिओ काढत उघडलं जातं, म्हणजे परत करताना पुरावा राहतो. तिने मला मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. काळा प्लास्टिकचा लिफाफा कात्रीने कापला, एकेक कागद उचलला, उन्हात धरला, मागून-पुढून कॅमेऱ्याला दाखवला, पंचवीसच्या पंचवीस. शेवटी तिचा आवाज आहे, “बाबा, सारेच्या सारे कागद कोरे निघाले. रिटर्न टाकू का?”

पोरीने नीट मोजून घेतले होते. पाकिटावर ‘फक्त अंधारात उघडा’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं, पण पार्सलवरचं कोण वाचतं? मीही वाचलं नव्हतं. प्रणालीला फोन करून सांगितलं की पंचवीस कागद संपले, अजून पाठव. ती म्हणाली, तीन दिवसांत पंचवीस प्रिंटं, काका, काय हा उत्साह. दुसरं पाकीट आलं ते मी कुरिअरवाल्याच्या हातातून घेतलं आणि धोतरात गुंडाळून कोठीत नेलं.

आता काळा येणं थांबलं आणि राखाडी येऊ लागलं. फोटो यायचा, पण त्यावर सगळीकडे धुळीचा पडदा. माझा पांढरा शर्ट पोतेऱ्यासारखा दिसायचा. पाच कागद गेले. मग मला एकदम आठवलं, की एकदा तुम्ही डार्करूमच्या टेबलावर, लाल उजेडात, कोऱ्या कागदावर चार आण्याचं नाणं ठेवून घड्याळ बघत बसला होता. मला तेव्हा वाटलं होतं, हा माणूस आत बसून छापा-काटा खेळतो. मी तसं केलं. पाच मिनिटांनी कागद धुतला तर नाण्याचा पांढराशुभ्र गोल आला आणि बाकी सगळं राखाडी. म्हणजे दोष लाल दिव्याचा होता. तो दिवा मी देवघरातून आणला होता. देवाजवळचा छोटा लाल बल्ब, लाल तर लाल, असं मी समजलो. माणिकबाई म्हणाली की देव त्याच उजेडात तीस वर्षं बसले आहेत, त्यांना काही झालं नाही. देव कागदाचे नाहीत, हे तिला सांगण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. शेवटी ट्रंकेच्या तळाशी तुमचा जुना दिवा सापडला, तुमच्याच चौकडीच्या रुमालात गुंडाळलेला. वीस-बावीस वर्षांनीही लागला.

मग ऊन. अकोल्याचं एप्रिलचं ऊन तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही त्यात बावीस उन्हाळे काढलेत, तेही बंद खोलीत. पुडीवर लिहिलं आहे की औषध वीस डिग्रीला ठेवा. कोठीत माझ्याच अंगाचं सदतीस होतं आणि औषध माझ्यापेक्षा तापलेलं. फोटो आठ सेकंदांत धावत आला. घाबरून बाहेर काढला तर अर्धा आलेला, अर्धा नाही, मध्ये डाग. मग रसवंतीवरून बर्फाची लादी आणली, फोडून परातीत टाकली. आता फोटो येईचना. मी परात हलवत उभा, माझा घाम परातीत, आणि कागद कोरा. (बर्फ औषधातच टाकायचा नसतो, परात बर्फाच्या पाण्यात ठेवायची असते, हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं. तुम्ही मोठ्या घमेल्यात बर्फ का मागवायचात ते आता कळलं. मी गिऱ्हाइकांना सांगायचो की भाईंना उकाडा सोसत नाही.) आणखी एक कळलं. तुम्ही आत काही तरी पुटपुटत असायचात. मी बाहेर सांगायचो की हळू बोला, वजीफा चालू आहे. परवा मी स्वतः एकशेवीसपर्यंत मोजत उभा होतो आणि बाहेरून रागिणीने विचारलं, बाबा काय जप करून राहिले? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

एक प्रिंट मात्र झकास आली. काळं काळं, पांढरं पांढरं. मी ती हायपोत घातली, पाण्यातून काढली आणि विजयी वीरासारखा अंगणात घेऊन गेलो. माणिकबाई चष्मा शोधत होती. तिला चष्मा सापडेपर्यंत माझा चेहरा आधी गुलाबी झाला, मग वांग्यासारखा झाला, मग केस आणि कपाळ एक झालं. तिने बघून विचारलं की हे कोणाच्या घरचं आहे. चौकशीअंती असं निघालं, की सकाळी पोळ्यांची कणीक भिजवायला तिला परात हवी होती, म्हणून तिने मधली परात नेली, त्यातलं ‘मीठपाणी’ मोरीत ओतलं, कणीक झाल्यावर परात घासली आणि माझी अडचण नको म्हणून तिच्यात नळाचं स्वच्छ पाणी भरून होती त्या जागी ठेवली. ते पाणीही आम्हाला पाच दिवसांनी मिळालेलं होतं, म्हणजे तिने त्याग केला होता. ते मीठपाणी म्हणजे हायपो होता आणि त्याच्याशिवाय फोटो उन्हात टिकत नाही, हे कळल्यावर तिने फक्त एक विचारलं, की पोटात गेलं तर काय होतं. मला माहीत नव्हतं. त्या दिवशी कणीक फेकली आणि घरात कोणी जेवलं नाही, चिवडा खाल्ला. ती परात आता माझी झाली आहे.

इतकं सगळं होऊनही, गफ्फारभाई, मी आता बऱ्यापैकी प्रिंट काढतो. खोटं नाही सांगत. एकच दोष राहिला आहे आणि त्याच्यासाठी हे पत्र. प्रत्येक प्रिंटच्या डाव्या कडेला दोन बोटं रुंदीचा राखाडी पट्टा येतो. कोठीचं दार डाव्या हाताला आहे, फट तिथलीच असणार. मी गोधडीवर पोतं ठोकलं, पोत्यावर किशोरचा रेनकोट टांगला. पट्टा बारीक झाला, पण गेला नाही. पाकिटात तीन कागद उरले आहेत. तो पट्टा तुम्ही कसा घालवला असता, ते लिहा.

आता तुम्ही म्हणाल की कडेला काय आहे असं मोठं, कापून टाका. मीही तेच म्हणालो असतो. आपली निगेटिव्ह चौकोनी आणि कागद उभा, म्हणजे बाजूचं थोडं सोडावंच लागतं. पण माझ्या कोठीत वर लोणच्याच्या बरण्यांची फळी आहे, एन्लार्जरचं डोकं तिला अडतं, आणखी वर जात नाही. त्यामुळे फोटो मोठा होत नाही आणि सगळी निगेटिव्ह आहे तशी कागदावर पडते, दाराच्या बाजूसकट. गल्ल्यामागच्या फोटोत ती बाजू नव्हती. मला वाटलं, नुसतं दार असेल. रेनकोट टांगल्यावर जी प्रिंट निघाली तिच्यात पट्ट्यातून एक हात बाहेर आला. हातात ओली प्रिंट, पाणी निथळणारी. त्याच्यावर बाही, कोपरापर्यंत दुमडलेली. चेहरा अजून राखाडीतच आहे, पण ती बाही मी ओळखतो.

मला आठवलं. टायमर लावून मी पळालो तेव्हा तुम्ही आतून बाहेर येत होता, दारात थांबलात. नंतर निगेटिव्ह बघून तुम्ही विचारलं होतं, की भाऊ, एका बाजूचं सोडावं लागेल, कुठलं सोडू? आणि मी गल्ल्यावरून मान वर न करता म्हणालो होतो, दाराकडचं काढा, ते शोभत नाही. तुम्ही बरं म्हणालात, आत गेलात, आणि स्वतःच्या हाताने स्वतःला कापून मला फोटो आणून दिलात. तो मी बावीस वर्षं डोक्यामागे टांगून बसलो. मला फार लाज वाटली, गफ्फारभाई. या वयात लाज वाटून काही होत नाही, नुसता थकवा येतो.

असो. पट्ट्याचं तेवढं लिहा. भाभींना पुन्हा सलाम.

आपला,
गोवर्धन

ता. क. खरं विचारायचं होतं ते वर राहिलंच. पट्टा गेला तरी त्या रविवारी चाळीस पोरांसमोर माझ्या हातून काही निघेल असं मला वाटत नाही. ते कॉलेज तुमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. तुम्ही नऊ वाजताच येऊन त्यांच्या डार्करूममध्ये मागच्या कोपऱ्यात बसा. पोरं आली की मी पुढे उभा राहून बोलतो, बोलणं मला जमतं. हात तुमचे चालू द्या. लाल उजेडात सगळे हात सारखेच दिसतात, कोणाला कळायचं नाही. आपण आयुष्यभर असंच तर केलं. सत्काराचा नारळ तुम्ही न्या, शाल मी ठेवतो, कार्डावर माझं नाव आहे म्हणून.

ता. क. दुसरी (रविवार). पत्र काल टाकायचं राहिलं. पाकिटाला डिंक लावायला म्हणून माणिकबाईने ते घेतलं आणि पूर्ण वाचलं, वरची ता. क. धरून. तुम्हाला माहीत आहे, ती रागावली की भांडी वाजवते. काल तिने काही वाजवलं नाही. पत्र माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “बावीस वर्सं त्या मानसाले अंधारात ठेवलं तुमी. आता बुढापणीबी कोपऱ्यातच बसवून राहिले काय?” मी म्हणालो, अगं, डार्करूम आहे, अंधारच असतो. ती म्हणाली, “मंग तुमी बसा कोपऱ्यात.” आणि आत निघून गेली. मी आज दुपारी जेवलो, पण चव लागली नाही.

ता. क. तिसरी (सोमवार, दुकानातून). प्रणालीला फोन केला. जे होतं ते सांगितलं, पहिल्या ‘हो’पासून. मला वाटलं, आता कार्यक्रम रद्द, धारणीपर्यंत बोभाटा. मग तिने विचारलं, काका, मग तुम्ही काय करायचात? मी म्हणालो, मी दारात उभा राहून लोकांना आत जाऊ नका म्हणायचो. ती हसली, पण वाईट हसली नाही. कार्ड नव्याने छापायला गेलं आहे. त्याच्यावर ‘श्री. अब्दुल गफ्फार यांचे प्रात्यक्षिक व सत्कार’ असं आहे, माझं नाव खाली ‘उपस्थिती’मध्ये आहे. तिथे मला बरं वाटतं. शाकीबला ती आजच फोन करणार आहे, त्यामुळे टायरवाल्याला आता सगळं कळलंच असेल. तुम्ही ‘मेरा क्या काम’ असं म्हणणार, ते म्हणू नका.

उरलेले तीन कागद मी वापरत नाही. तुमच्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत आणि रागिणीला सांगून ठेवलं आहे की यांचा व्हिडिओ काढायचा नाही. ते, तुमचा दिवा आणि ती निगेटिव्ह घेऊन मी त्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो. तीच निगेटिव्ह लावा. पूर्ण लावा, दारापर्यंत. काही सोडायचं झालं तर माझ्या बाजूचं सोडा.

चिमटा तुमचा आणा, पापडाचा माणिकबाईने परत नेला. मी दाराबाहेर उभा राहीन. चहा आला तरी, स्कोअर काहीही झाला तरी, तुम्ही आतून हाक मारल्याशिवाय मी दार उघडणार नाही.